साळुंकीला हवं साधं बोलणं

एका राज्यात भर दरबारात राजाराणीचं भांडण जुंपलं होतं, आणि ज्या लेकीवरून ते जुंपलं ती इंदुला नावाची राजकन्या साळुंकी होऊन खिडकीत बसली होती.

"मुलगी आहे ती, शिलालेख नव्हे!" राणी कुमुदा कडाडली. "तिच्यापुढे बिरुदं कसली वाचता?"

"राजानं राजासारखं बोलावं, ही रीत आहे," राजा धवलसेन म्हणाला.

याच रीतीनं घात केला होता. त्या दरबारात राजाची बिरुदं म्हणून झाल्याशिवाय कुणी घोटभर पाणीही मागायचं नाही. सकाळी एक मांत्रिक तहानेला आला. बिरुदं ऐकता ऐकता त्याचा घसा सुकला, आणि तो शापानं लेकीची साळुंकी करून बजावून गेला: "साधं पाणी, साधं वस्त्र, साधं बोलणं. सूर्य बुडायच्या आत तिन्ही द्याल तर लेक माणसात येईल. नाहीतर रानात उडून जाईल, ती कायमची."

राजानं वाळा-केशराचं पाणी मागवलं. साळुंकीनं चोच फिरवली. राणीनं माठातलं दिलं. ते ती प्याली आणि तिचे डोळे माणसाचे झाले. राजानं जामदारखान्यातून पांढरंशुभ्र, बिनकाठाचं वस्त्र काढलं. ते इतकं साधं दिसावं म्हणून विणकरांनी डोळे घालवले होते. साळुंकी म्हणाली, "जड आहे." राणीनं स्वतःचा वापरून मऊ झालेला शेला तिच्यावर पांघरला, तसे पाय माणसाचे झाले.

उरलं बोलणं. प्रधानानं गावातला एक भोळा माणूस धरून आणला. तो पढवलेलं बोलला. साळुंकी म्हणाली, "माणूस भोळा आहे. बोलणं प्रधानांचं आहे."

मग राजानं पुन्हा बिरुदं वाचून पाहिली. ती फुकट गेली, तेव्हा एकच शब्द उच्चारला, "ये."

"थोडकं म्हणजे साधं झालं होय?" राणी म्हणाली. "हुकूम आहे तो!"

"मग तू बोल! सरळ बोलते म्हणून जन्मभर मिरवलीस."

राणीनं तोंड उघडलं. जिभेवर टोचणारी उत्तरं खंडीभर होती, पण सगळी राजासाठी. लेकीसाठी एकही नव्हतं. ऊन चौकटीवरून उतरलं. साळुंकीनं रानाकडे मान वळवून पंख उघडले, आणि राणीनं जे कधी कुणापुढे कबूल केलं नव्हतं ते ओठांवर आलं.

पंखांचे हात झाले, चोच गळाली, इंदुला आईला बिलगली. राजानं बिरुदं म्हणणाऱ्या भाटाला पाणपोईवर नेमलं. आल्यागेल्याला आधी पाणी, मग नाव. पुढे राजाराणीत त्यावरून शब्दही झाला नाही. साळुंकीनं पंख उघडले त्या वेळी राणी एवढंच म्हणाली होती, "इंदुले, जाऊ नकोस गं, मला भीती वाटते."