मल्हारी धनेशाचा सत्कार

एक जंगल होतं आणि तिथे लोकशाही होती. आपल्याला कोणी खावं, हे हरणं दर पाच वर्षांनी मतदान करून ठरवत.

तिथे बेहड्याच्या ढोलीत मल्हारी नावाचा धनेश पक्षी राहायचा, सोनबा नावाच्या धनेशासोबत. दोघेही नर, संसार सोळा वर्षांचा. मल्हारी निवडणुकीला उभा राहिला तेव्हा पहिल्याच सभेत म्हणाला, "सोनबा माझा जोडीदार आहे. कुजबुजत बसू नका, मीच सांगतोय. आता पाणवठ्यातल्या गाळाचं बोलू." समोर उमेदवार मगर होती. घरोघर प्रचार करताना तिने निम्मे मतदार खाल्ले. उरलेल्यांनी मल्हारीला निवडून दिलं.

सभागृहात तो गाळाबद्दल बोलायला उठला की मुख्यमंत्री तरस म्हणायचे, "सन्माननीय सदस्यांच्या धाडसाला सलाम." गाळ तिथेच राहायचा. धनेशांत मादी ढोलीत बसते नि नर चारा आणतो, म्हणून एका रानडुकराने तारांकित प्रश्न टाकला, "तुमच्याकडे आत कोण बसतं?"

"ज्याचे पंख दुखतात तो," मल्हारी म्हणाला.

परदेशी बगळ्यांचं शिष्टमंडळ आलं, की मात्र त्याला सगळ्यांत पुढच्या फांदीवर बसवत. अशा तीन निवडणुका गेल्या.

मग वादळात सोनबाचा पंख मोडला आणि तो खंगत चालला. ढोली त्याच्या नावावर होती. कायद्याने ती मागे राहिलेल्या मादीला जायची, मादी नसेल तर पुतण्याला. पुतण्या आठवड्यातून दोनदा येऊन काकांची तब्येत विचारायचा आणि चोचीने ढोली मोजून जायचा. मल्हारी आयुष्यात पहिल्यांदा घाबरला. त्याने विधेयक मांडलं: दोघांनी मिळून वसवलेली ढोली मागे राहील त्याची.

मतदानाच्या दिवशी तरस म्हणाले, "आधी अशा धाडसी सदस्याचा सत्कार व्हायला हवा." शाल आली, नारळ आला. विरोधी पक्षनेता कोल्हा मागे कसा राहील? "सरकारला आज सुचलं, आमचं कालच ठरलं होतं," म्हणत त्याने दुसरी शाल घातली. मग भाषणांना ऊत आला. "आमचं जंगल पुरोगामी होतं, आहे आणि निवडणुकीपर्यंत राहील," असं एकूण सत्तेचाळीस सदस्य बोलले.

"शाल नको, मतदान घ्या," मल्हारी म्हणाला.

"काय हा विनय," सभापती कासव गहिवरले. तेवढ्यात सूर्य मावळला आणि अधिवेशन संपलं.

घरी सोनबाने विचारलं, "झालं का रे?"

"सत्कार झाला."

"मग ढोली गेली आपली," सोनबा म्हणाला. मल्हारीला रडू आवरेना. डोळे पुसायला शाली भरपूर होत्या.

पुढच्या अधिवेशनाआधीच सोनबा गेला. 'सदस्यांच्या मित्राच्या' निधनाचा शोकप्रस्ताव दोन मिनिटांत एकमताने मंजूर झाला. ढोली पुतण्याला मिळाली. त्याने ती समता-स्मारकासाठी सरकारला दिली आणि सरकारने त्याला एक महामंडळ दिलं. आता झाडाला कुंपण आहे आणि आत राहायला मनाई आहे.

उद्घाटनाचा प्रमुख पाहुणा म्हणून मल्हारीला निमंत्रण गेलं. 'या पत्त्यावर राहत नाही' असा शेरा घेऊन ते परत आलं, कारण पत्ता त्याच ढोलीचा होता.

"मान घ्यायलासुद्धा आला नाही," तरस भाषणात म्हणाले. "असे निःस्वार्थी नेते आता राहिलेत कुठे?"