कुररीचा खांब

एका राज्यात अग्निपर्वत समुद्राला भेटायला गेला आणि तिथेच थिजला. त्याच्या लाव्हाचे षटकोनी काळे खांब किनाराभर उभे राहिले. खांबांवर पाखरं घरटी करत, पायथ्याशी कोळी कालवं काढत. ज्या खांबावर अंडं दिसे, त्याला कोळी जुन्या जाळ्याची दोरी बांधत. मग पिल्लू उडेपर्यंत त्या खांबाला कुणी हात लावत नसे.

राजा रिपुंजयाला मात्र तिथे नुसती तटबंदी दिसली. त्याने कोळ्यांना हुसकावलं, खांब उपटून नेले. अंडी फुटली. तेव्हा पर्वतातून ज्वालाई चेटकीण बाहेर आली.

"माझी लेकरं नेलीस, तुझं मी ठेवते," ती म्हणाली आणि राजकन्या मेखला किनाऱ्यावरचा खांब झाली.

राजाचं अवसानच गळालं. त्याला आता किल्ला नको होता, लेक हवी होती.

"उपाय सांग, माते."

"खांब परत आण. माणसं परत आण. मग लेक ओळख आणि घणाचा एक घाव घालून तिला सोडव. पुनव उलटली, की ती कायमची दगड."

राजाने खांब आणले. वयोवृद्ध देवजी कोळ्याचे पाय धरून माणसंही आणली. लेक ओळखायला तर वेळच लागला नाही. मेखलेला खाऱ्या वाऱ्याने शिंका येत, आणि एक खांब सारखा शिंकत होता!

राजाने घण उचलला. खांबाच्या माथ्यावरून कुररी नावाचं पांढरं समुद्रपाखरू बोललं, "राजा, माझं पिल्लू अजून उडत नाही."

"आणि आज पुनव आहे, पाखरा."

"ठाऊक आहे."

राजाने देवजीकडे पाहिलं. देवजीचे डोळे भरून आले होते. "महाराज, लेक तुमची हाय. आमी काय बोलावं?"

राजाच्या हातातला घण गळून पडला. त्याने दोरी मागून घेतली, स्वतः खांबाला बांधली आणि तिथेच बसून ढसाढसा रडला. पुनव उलटली. तरी तो पिल्लावर घारी येऊ नयेत म्हणून राखण करत राहिला.

एका सकाळी पिल्लाने पंख पसरले आणि ते उडालं. त्यासरशी खांब उकलला, मेखला बाहेर आली. ज्वालाई हसली. "ती तुझी परीक्षा होती. घाव घातला असतास, तर आत दगडच निघाला असता."

"मेखले!" राजा आनंदाने ओरडला.

राजकन्येने ओठांवर बोट ठेवलं. "तात, हळू. शेजारच्या खांबावर अंडी आहेत."

त्या राज्याचा किल्ला आजही अर्धाच आहे, आणि पाखरांची तक्रार नाही.