सतरावा प्रश्न

"...मग तुम्हीच सांगा महाराज, याहून पक्कं माप कुठे सापडेल?"

सुधन्वाने चाळीस प्रश्नांची प्रश्नावली म्हाताऱ्या चैतन्यनाथांपुढे ठेवली. विद्यार्थी एकमेकांना किती मदत करतात, हे मोजणारी. चार वर्षं त्याने तिच्यापायी रक्त आटवलं होतं. सोमवारी विद्यापीठात तोंडी परीक्षा होती आणि तिथे ही प्रश्नावली टिकली, तरच नावाआधी डॉक्टर लागणार होतं. लहानपणापासूनच्या या मठात तो आला होता आशीर्वादाला. खरं तर शाबासकीला.

मग त्याने सगळं ऐकवलं. सहाशे मुलांकडून भरून घेतली, महिन्याने पुन्हा भरून घेतली, उत्तरं तीच आली. विश्वसनीयतेचा आकडा ०.९१, म्हणजे जवळजवळ एक. सांगताना गडी नुसता फुलला होता. नाथांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ते कौतुकाने मान डोलावत होते.

"सहाशेच्या सहाशे कागद धरलेस?"

"दोन सोडून. ते रद्द केले."

"का रे?"

एका मुलाचा चष्मा घरी राहिला होता. शेजारची मुलगी त्याला हळूच प्रश्न वाचून दाखवत होती. भरताना एकमेकांशी बोलायचं नाही, हा तर पहिलाच नियम. सुधन्वाने जागच्या जागी दोघांचे कागद काढून घेतले होते.

"नियम म्हणजे नियम..." नाथ म्हणाले. "ती कुठला प्रश्न वाचत होती?"

"सतरावा." त्याला चाळीसही तोंडपाठ होते. "शेजारच्याला अडचण आली, तर मी स्वतःहून..."

वाक्य अर्धवट सोडून तो प्रश्नावलीतल्या सतराव्या ओळीकडे बघू लागला.

...

सुधन्वाचे कान तापले. मदत मोजता मोजता मदत करणारीचाच कागद रद्द झाला, हे इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, मार्गदर्शकांच्याही नाही. पण नाथांच्या मिशीत हसू मावत नव्हतं. ते पाहून त्यालाही हसू फुटलं.

"आता परीक्षकांना काय सांगू, महाराज?"

नाथांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, मिटून झोळीत टाकला आणि प्रश्नावली त्याच्या हातात दिली.

"मला भरायची आहे. वाचून दाखव."

सुधन्वाने तोंड उघडलं आणि सवयीने दाराकडे पाहिलं.

"वाच रे," नाथ म्हणाले. "इथे कागद काढून घेणारं कुणी नाही."