मिटून राहिलेला खटका

किती वेळ धरायचं आणि कधी सोडायचं? हे खटक्याने सगळ्यांना विचारले होते. कुणी सांगितले नाही.

तेव्हा एका खुराड्याच्या छपरावर सौर पॅनेल होते. खालच्या डबीत खटका आणि त्याची थोरली बहीण, तांब्याच्या तारेची गुंडाळी, राहत. पॅनेल बारा व्होल्ट द्यायचे, पण पिल्लांना ऊब देणाऱ्या दिव्याला चोवीस लागायचे. खटका मिटला की गुंडाळी वीज भरून घ्यायची, उघडला की ती जोराने दिव्याकडे सोडायची. अर्धा वेळ मिटायचे, अर्धा वेळ उघडायचे, एवढेच त्याला ठाऊक होते.

एका दुपारी आभाळ भरून आले. पॅनेल म्हणाले, "आज माझ्याकडे सहाच आहेत." पिल्ले गारठून एकमेकांवर चढू लागली.

"ताई, चौपट करायला हवं," खटका म्हणाला. "अर्धा वेळ मिटून दुप्पट होतं, म्हणजे पूर्ण वेळ मिटलो की चौपट."

"मोठा शहाणा. मग मी सोडायची कधी?"

"तू नुसती भर गं."

तो मिटला तो उघडलाच नाही. दिवा विझला. गुंडाळी भरली, तरी वीज येतच राहिली.

"सोड रे आता, बाळा."

"अजून थोडं, ताई."

तिच्या तारेवरचे लाखेचे आवरण जळाले, वेढे एकमेकांना चिकटले आणि तिचे बोलणे थांबले. तोवर दोन पिल्लेही गेली होती.

मग खटका उघडला. पॅनेलचे सहा व्होल्ट तिच्या जळक्या तारेतून तसेच दिव्यापर्यंत पोचले आणि दिवा जेमतेम लाल झाला. उरलेली पिल्ले त्याच्याखाली सरकली. खटका त्यानंतर कधी मिटला नाही.