प्लास्टिकातलं तांबं

रुग्णालयाचे अध्यक्ष दादासाहेब धुमाळ यांना नवेपणाचा भारी सोस. घरच्या सोफ्यावरचं प्लास्टिकसुद्धा त्यांनी कधी काढू दिलं नव्हतं.

वॉर्डात पेशंटच्या जखमा चिघळायला लागल्या, तेव्हा डॉक्टर हेमलता वैराळे यांनी हट्टाने दारांना तांब्याच्या मुठी बसवून घेतल्या, कारण तांब्यावर जंतू फार काळ तग धरत नाहीत. पण दादासाहेबांनी फर्मान काढलं, "मुठींवरचं प्लास्टिक काढायचं नाही. हात लागून तांबं काळं पडतं." सांगून सांगून बाईंचं तोंड दुखलं. जखमा चिघळतच राहिल्या.

दादासाहेब मीटिंगमध्ये पाणी प्यायचे ते तांब्याच्या लोट्यात रात्रभर ठेवलेलं. त्या दिवशी झाकण उचललं, तर लोट्यात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत पाणी.

"हा काय चावटपणा?"

"लोटा काळा पडू नये म्हणून मीच घातली," बाई म्हणाल्या.

"अहो, पण पाण्याला तांबं लागायला नको?"

"मग जंतूंनी तुमचं काय घोडं मारलंय, दादासाहेब? त्यांनाही लागू द्या की."

सगळी मीटिंग हसली. दादासाहेब उठले, दारापाशी गेले आणि मुठीवरचं प्लास्टिक स्वतःच्या नखांनी सोलू लागले.

सोफ्याचं मात्र अजून तसंच आहे.