शंखबेटाचा दगडी नावाडी

एका राज्यात, जिथून समुद्र महिनाभराच्या वाटेवर होता, चित्रायुध नावाचा राजपुत्र राहत असे. त्याने डोंगर पाहिले होते, अरण्ये पाहिली होती. समुद्र मात्र पाहिला नव्हता. म्हणून एके दिवशी तो चार सरदार घेऊन निघाला, गलबतात बसला आणि शंखबेट पाहायला गेला.

भानजी नावाड्याने त्याला सारे बेट हिंडवले. पिठासारख्या पांढऱ्या वाळूची पुळण दाखवली, शहाळ्याचे पाणी पाजले, हाक मारणाऱ्याला नावाने ओ देणारी गुहा दाखवली. शेवटी तो म्हणाला, "युवराज, ही कासवांची पुळण. इथे डोळे भरून पाहावे, हात लावू नये. बेटाच्या राखणदारणीची तशी आण आहे."

वाळूच्या खळग्यांत मोत्यासारखी अंडी चकाकत होती. राजपुत्राने एक उचलून हळूच शेल्यात बांधले. दरबारात दाखवायला काहीतरी हवे, एवढेच त्याच्या मनात होते.

थोड्याच वेळात राखणदारीण जलमाया तिथे आली. ती जादूगारीण होती. रिकामा खळगा पाहून ती म्हणाली, "चोराने पुढे यावे. न आल्यास पाहुण्यांना इथे आणणाऱ्याचा दगड होईल, आणि समुद्र बेट सोडून जाईल."

राजपुत्राने शेल्याची गाठ मुठीत झाकली. सरदार पाहत होते. भानजीने एकदाच त्याच्याकडे पाहिले आणि नजर समुद्राकडे वळवली. आधी त्याचे पाय दगडाचे झाले, मग छाती, मग चेहरा. लाटा मागे सरू लागल्या. त्या ओहोटीबरोबर राजपुत्राचे गलबतही निघून गेले.

घरी त्याने बेटाची वर्णने केली. दरबार वाहवा म्हणाला. अंडे मात्र त्याला कोणापुढे काढवेना. आणि तो चाले तिथे फरशीवर ओली वाळू उरे.

"बाळा, ही वाळू कुठली?" महाराजांनी विचारले.

"पाय धुतले होते, महाराज," तो म्हणाला. दासी रोज वाळू झाडत, तेव्हा तो मान वळवून उभा राही.

एके सकाळी खिडकीत समुद्राकडचा एक कुरव पक्षी येऊन बसला. "राजपुत्रा," तो म्हणाला, "भानजीची बायको तानू दिवसभर त्या दगडावर झावळीची सावली धरून बसते. तिने अजून कोणाला शिव्याशाप दिलेले नाहीत."

एवढे बोलून पक्षी उडाला. राजपुत्राने अंडे लपवलेली पेटी उघडली. अंडे अजून कोमट होते. तो तडक महाराजांकडे गेला.

"मी शंखबेटाला जातो," तो म्हणाला.

"मग मीही येतो," महाराज हौसेने म्हणाले. "तू एवढी वाखाणलेली पुळण मला पाहायची आहे." त्याला नाही म्हणता आले नाही.

समुद्र बेटापासून तीन कोस दूर गेला होता. सुकलेल्या तळावरून, उताण्या पडलेल्या होड्यांमधून ते चालत वर आले. जलमाया वाटच पाहत होती.

"अंडे जागेवर ठेव," ती म्हणाली. वाळू निखाऱ्यासारखी तापली होती. राजपुत्र अनवाणी गेला, अंडे ठेवून भाजल्या पायांनी परत आला.

"समुद्राबरोबर गेलेली कासवी आण." तो तीन कोस गेला. कासवी म्हणाली, "पाठीवर नेशील तर येईन." पाठ सोलली, तरी त्याने तिला आणले.

"पाहा माझा पराक्रमी मुलगा!" महाराज दगडाशी बसलेल्या तानूला म्हणाले. "परक्या बेटासाठी रक्त सांडतो आहे." ते शब्द राजपुत्राला पाठीच्या जखमांहून अधिक झोंबले.

"आता तिसरे," जलमाया म्हणाली. "ज्याच्यापुढे बोलणे सर्वांत जड जाईल, त्याच्यापुढे खरे बोल."

राजपुत्राने दगडाकडे पाहिले, तानूकडे पाहिले, आणि मग तो वडिलांकडे वळला.

"महाराज, पराक्रम नव्हे. चोर मी आहे. हा माणूस माझ्यापायी दगड झाला. मी तोंड उघडले नाही. तुम्हालाही खोटे सांगितले."

महाराज एक पाऊल मागे सरले. त्यांनी मुकुट उतरवला आणि तानूपुढे मस्तक झुकवले. मुलाकडे त्यांनी पाहिले नाही.

तेवढ्यात दगडाने श्वास घेतला. भानजीच्या पापण्या हलल्या, बोटे हलली. तानूने झावळी टाकून त्याचा हात धरला. दूरवर समुद्र गर्जला, आणि भरती होड्या उचलत पुळणीपर्यंत आली. कासवी आपल्या खळग्यावर जाऊन बसली.

राजपुत्र मान खाली घालून म्हणाला, "भानजी, चोर कोण ते तुम्हाला ठाऊक नव्हते, म्हणून..."

"ठाऊक होते," भानजी म्हणाला. "शेल्याला गाठ मारताना मी पाहिले होते."

"मग बोलला का नाहीत?"

"पाहुण्याचे नाव यजमानाने घेऊ नये. वाटले, तुम्हीच बोलाल."

भानजी तानूला घेऊन आपली होडी पाण्यात लोटायला गेला.

शाप असा सुटला, बेटाला समुद्र मिळाला. चित्रायुध पुढे राजा झाला. प्रजा त्याला न्यायी म्हणे. ते ऐकताना तो दर वेळी मान खाली घाली.