उलट्या गाडीची हौसाक्का

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. मी आकडा सांगितला की मागच्या खेपेला वेगळा सांगितला होता म्हणून तुम्हीच भांडता.

तेव्हा आपल्या दांडेवाडीत एकच गाडी होती आणि एकच मिस्त्री होता. मिस्त्री म्हणजे हौसाक्का. नवऱ्यामागं गॅरेज तिनंच चालवलं. गाडीही तिचीच, एवढीशी, चार माणसं बसली की पाचव्यानं श्वास घेऊ नये अशी. पण घाटात चालणाऱ्या माणसाला मागं टाकून हौसाक्का कधी पुढं गेली नाही. एकदा तिनं त्या गाडीतून अकरा माणसं आणि एक शेळी आणली, असं म्हणतात. शेळी पुढच्या सीटवर होती.

आता दुखणं काय होतं ते ऐका. गावाला रोज एक बस यायची. एका वर्षी गाढवचढावरचा रस्ता पार उखडला. गाढवचढ म्हणजे घाटातला शेवटचा उभा चढ. नुसता मुरूमच उरला आणि बस बंद झाली. हौसाक्काची गाडीसुद्धा चढाखालीच उभी राहायची. सातवीनंतरची शाळा घाटाखाली, दोन तासांच्या वाटेवर. मुली घरी बसल्या. हौसाक्काची इंदूही बसली. तिनं वह्या पोत्यात बांधून माळ्यावर टाकल्या. ते पोतं दिसलं की हौसाक्का हातातला घास परत ताटात ठेवायची.

ती गेली बसवाल्या साहेबाकडं. साहेब म्हणाला, "बाई, त्या चढावर बसचं सोडा, पुढच्या महिन्यात घाटात गाड्यांच्या शर्यतीची रॅली आहे ना, तिच्या गाड्यासुद्धा चढायच्या नाहीत."

"आणि माझी चढली तर?"

साहेबानं खिडकीतून गाडी बघितली आणि पोट धरून हसला. "तुझा हा डबा रॅलीत गाढवचढ चढला, तर दुसऱ्या दिवशी बस सुरू. लिहून देतो!" आणि हसण्याच्या भरात खरंच दिलं की लिहून.

मग गॅरेजातली हत्यारं चढाखाली आणून गाडीपाशी महिनाभर नुसती ठोकाठोक. वजन कमी करायला मागची सीट काढली आणि देवळाच्या ओट्यावर ठेवली. म्हातारे खूश. गाडी उलटली तर डोकी फुटू नयेत म्हणून गणपतीच्या मांडवाचे पाईप वाकवून आत पिंजरा केला. इंजिनाच्या पोटाला दगड लागू नये म्हणून खालून गावजेवणाची परात ठोकली. नवा सायलेन्सर पहिल्यांदा वाजला, तेव्हा पाटलाच्या म्हशीनं दोन दिवस पान्हा चोरला, असं म्हणतात.

रॅलीत शेजारी वाट सांगणारा माणूस लागतो. तो झाला शिरपती कंडक्टर. बस बंद झाल्यापासून बिचारा गळ्यात शिट्टी अडकवून ओट्यावर बसून असायचा. पण घाटाचं वळणन् वळण त्याला पाठ.

झेंडा पडला. शहरातल्या रंगीत गाड्या पुढं सुसाट, त्यांच्या मागं आमची हौसाक्का. शिरपती सांगतोय, "डावं वळण! पुढं खड्डा! जपून!" सगळं झकास चाललं होतं. पण आपल्याच गावची माणसं रॅली बघायला घाटात आलेली. त्यांनी सवयीनं हात केला. शिरपतीनं सवयीनं शिट्टी वाजवली. आणि हौसाक्काचा पाय सवयीनं ब्रेकवर!

"चढा लवकर, रॅली चाललीय!"

असं पाच ठिकाणी झालं. सीट काढलेली, त्यामुळं माणसं उलट जास्तच मावली.

गाढवचढाशी येऊन बघते तर शहरातल्या गाड्या सगळ्या खालीच अडकलेल्या. चाकं जागच्या जागी गरगरतायत, मुरूम उडतोय. हौसाक्कानं गाडी घातली. निम्म्यातून घसरली. पुन्हा घातली, पुन्हा घसरली. मग ती खाली उतरली आणि दगडावर बसून पदरानं डोळे पुसले. डोळ्यांपुढं माळ्यावरचं पोतं होतं, दुसरं काय असणार?

पुसता पुसता तिची नजर चाकांवर गेली. गाडी ओढतात पुढची चाकं, आणि चढावर सगळा भार जातो मागं. "अगं बाई!" ती ओरडली. "मग तोंड खाली करून मागनंच चढवते की!"

तिनं गाडी वळवली. चार भक्कम बायका बॉनेटवर बसवल्या. शिरपती वरच्या बाजूला उभा राहून शिट्टी वाजवायला लागला. "येऊ द्या! येऊ द्या! येऊ द्या!" आणि गाडी उलटी चढत गेली. चाकं जमिनीला टेकलीच नाहीत, असं म्हणतात. मी तिथं होतो. टेकली होती, पण थोडीच.

रॅलीवाल्यांनी तिचं नाव लगेच खोडलं. माणसं जास्त, वर गाडी उलटी. बक्षीस द्यायला आलेल्या बसवाल्या साहेबाला तेवढंच हवं होतं. "बाई, ही काय चढायची रीत झाली?"

हौसाक्कानं कनवटीचा कागद काढला. "साहेब, गाडीचं तोंड कुणीकडं पाहिजे ते यात कुठं लिहिलंय? तुमची बसपण उलटी आणा. आम्हाला चालतंय!"

सगळा घाट हसला. दुसऱ्या दिवशी बस आली, तीही उलटीच चढून, आणि पहिल्या सीटवर वह्यांचं पोतं मांडीवर घेऊन इंदू बसली.

आता हौसाक्का नाही. घाट डांबरी झालाय. तरी आपली बस गाढवचढाखाली वळते आणि उलटीच वर येते. नवा ड्रायव्हर कुरकुरतो. ऑफिसवाले म्हणतात, वर बस वळवायला जागा नाही. अहो, वर क्रिकेटचं मैदान आहे! कंडक्टर शिट्टी वाजवतो, आतले सगळे "येऊ द्या" ओरडतात, आणि गावात शिरताना आपली तोंडं आलेल्या वाटेकडं असतात.

त्या वाटेवर कुणी एकटं चालत येताना दिसलं, की बसमधून हाक उठते, "हौसाक्का!" पहिली ओरडते ती इंदूच. घाटाखालच्या शाळेत आता ती मोठी बाई, म्हणजे मुख्याध्यापिका आहे. मग बस चढावरसुद्धा थांबते, आणि ते माणूस आत येईपर्यंत हलत नाही.